वॅक्स तीन आठवड्यांत उतरतं? आधी बादलीत काय आहे ते बघा

आमची सोसायटी माहीमला. एका अंगाला पश्चिम रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला चालत दहा मिनिटांवर समुद्र, आणि गेली दोन वर्षं शेजारच्या दोन प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू. गाडी गडद निळी आणि उभी असते उघड्यावर. सकाळी बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी सिमेंटची धूळ असते, आणि वारा समुद्रावरून असेल त्या दिवशी काचेवर चिकट खारट थर. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली, त्यानंतर हिरवी कापडं लागली, पाणी मारणंही सुरू झालं. धूळ थोडी कमी झाली, थांबली नाही. म्हणून मी गाडी दिवसाआड धुते.

अडचण अशी होती. दर दोन-अडीच महिन्यांनी मी स्वतः हाताने कार्नोबा वॅक्स, म्हणजे रंगावर चढवायचं संरक्षक मेण, लावते. रविवारची अख्खी सकाळ त्यात जाते. पहिले पंधरा दिवस पाणी मारलं की गोल, टणक मणी होऊन बॉनेटवरून घरंगळायचे. तिसऱ्या आठवड्यात तेच पाणी पसरट होऊन चिकटून बसायचं, आणि वाळलं की पांढुरके डाग. डबा बदलला, थर जाड दिला, दोनदा लावलं. चार वेळा हेच. डब्यावर दोन-तीन महिने टिकेल असं लिहिलेलं, आणि माझं एकवीस दिवसांत आटोपलेलं.

मी शेवटी जो हिशोब मांडला तो आधी मांडायला हवा होता. पंधरा दिवसांतून एकदा गाडी धुणाऱ्याची तीन महिन्यांत सहा धुणी होतात. दिवसाआड धुणाऱ्याची पंचेचाळीस. म्हणजे बादलीतला साबण माझ्या वॅक्सला सातपट जास्त वेळा भेटतो. महिन्यातून दोनदा चालून जाणारा साबण इथे चालणार नाही. दोष वॅक्सच्या डब्यात शोधण्याआधी साबणात शोधायला हवा, आणि तो नुसता «सौम्य» असं लिहिलेलं बघून सापडत नाही.

वॅक्स खरंच गेलं आहे का?

ही पायरी सगळे गाळतात. पाण्याचे मणी होईनासे झाले म्हणजे वॅक्स संपलं, असं आपण धरून चालतो. ते दर वेळी खरं नसतं.

वॅक्सचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्यावर पाणी गोळा होऊन मणी बनतं याचं कारण पाण्याचा पृष्ठताण. साबणाचं कामच मुळी हा ताण कमी करण्याचं. तेव्हा नीट न खंगाळलेल्या शाम्पूचा अंश जरी पत्र्यावर राहिला, तरी पुढच्या वेळी पडणारं पाणी पसरतं. खाली वॅक्स जसंच्या तसं असतं, वरून मात्र मेल्यासारखं दिसतं. सिमेंटच्या धुळीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा बारीक थरही हेच करतो.

म्हणून मणी होईनासे झाले की मी आता असं करते. सकाळी सावलीत, पत्रा गार असताना, बॉनेटचा साधारण दोन वीत बाय दोन वीत भाग घेते. त्यावर फक्त साधं पाणी, दोन लिटर, हळूहळू वरून ओतते. काही चोळायचं नाही. मग त्याच भागावर मगाने उंचावरून थोडं पाणी शिंपडते. मणी परत आले, तर वॅक्स शाबूत आहे आणि गुन्हेगार साबणाचा थर आहे. नाही आले, तर तेवढ्याच भागावर अगदी पातळ केलेल्या, कसलीही चमक-बिमक न सोडणाऱ्या शाम्पूने एकदा हलकं धुऊन, भरपूर खंगाळून पुन्हा बघते. तरीही पसरट, तरच वॅक्स गेलं.

पहिल्यांदा ही तपासणी केली तेव्हा छतावर आणि डिकीवर मणी लगेच परतले. बॉनेटवर अर्धवट. दारांच्या खालच्या भागावर अजिबात नाही. म्हणजे एकाच गाडीवर दोन वेगळ्या तक्रारी होत्या आणि मी दोन्हींवर एकच औषध करत होते, पुन्हा वॅक्स लावायचं. दारांवर का नाही, ते पुढे येतं.

बादलीत काय होतं

आमच्या सोसायटीत सात-आठ गाड्या एक काका धुतात, पहाटे पाचपासून. मला सकाळी उशीर होतो त्या दिवशी माझीही तेच धुतात. माणूस कामाला चोख. मी एकदा त्यांच्यासोबत उभी राहिले. बादलीत मूठभर कपड्यांची पावडर, फेस काठोकाठ. टायरसाठी वेगळ्या डब्यात पाण्यात थोडं डिझेल, आणि तेच फडकं कधी कधी दारांच्या खालच्या कडेवरून फिरायचं, कारण तिथे डांबराचे ठिपके असतात.

मी म्हटलं, «काका, पावडर नको वापरूया माझ्या गाडीला.»

«ताई, फेस नाही आला तर घाण निघायची कशी?»

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात तोच असतो. फेस म्हणजे साबण काम करतोय याची खूण, असं आपण लहानपणापासून बघत आलो. प्रत्यक्षात फेस हवेचा. घाण उचलतात ते पाण्यातले साबणाचे रेणू, ज्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. फेस कमी असूनही ते काम चोख होऊ शकतं, आणि फेस डोंगराएवढा असूनही पाणी रंगावर खरखरीत राहू शकतं. गाडीच्या रंगाला फेसापेक्षा निसरडेपणा हवा. धुळीचा कण फडक्याखाली सरकला पाहिजे, घासला जाता कामा नये. चांगल्या कार शाम्पूत त्यासाठीच वंगणासारखे पॉलिमर घातलेले असतात, कपड्यांच्या पावडरीत ते नसतात.

मग मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या, माशांच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानातून पीएच मोजायच्या पट्ट्या आणल्या. पीएच सात म्हणजे उदासीन (न्यूट्रल), त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. घरात जे जे गाडीला लागू शकतं ते वापरतो तितकंच पातळ करून स्टीलच्या वाट्यांत ओळीने ठेवलं. हे करताना एक लक्षात ठेवा: बाटलीतला घट्ट द्रव मोजून उपयोग नाही, बादलीत जसं जातं तसंच पातळ करून मोजायचं.

कपड्यांच्या पावडरीची पट्टी दहाच्या वर गेली. आश्चर्य नाही, तिच्यात धुण्याचा सोडा असतो. सोड्याच्या पाण्यात तेलकट, मेणकट पदार्थ चटकन सुटतात, कपड्यांवरच्या डागांसाठी तेच तर हवं असतं. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, त्याचा मोठा भाग एस्टर प्रकारच्या रसायनांचा. ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे मेणांमध्ये चांगलंच कडक. ते सोड्याच्या एका धुण्यात निघून जात नाही, पण दिवसाआड तेच पाणी आणि वर फडक्याचं घासणं, यात तग धरेल अशी अपेक्षाही चुकीची आहे. अंगाच्या वडीचं म्हणाल तर तीही नऊ-दहाची. खरा साबण, म्हणजे तेल आणि क्षार यांच्यापासून बनलेला, कधीच उदासीन नसतो. जड पाण्यात तो चुन्याशी मिळून पांढरट, न विरघळणारा साका बनवतो, बादलीच्या कडेला जमतो तोच. गाडीवर तो नकोच.

भांड्यांच्या लिक्विडने मात्र मला माझं मत बदलायला लावलं. त्याने वॅक्स झटक्यात उतरतं, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आले. पट्टी सातच्या आसपासच आली. म्हणजे पीएच उदासीन आहे, तरीही गाडीला योग्य नाही. कारण वेगळं: ते बनवलंय तेलातुपाने माखलेली कढई दोन हातांत साफ करायला, त्यामुळे तेल ओढण्याची ताकद जास्त. घट्टपणा यावा म्हणून मीठ घातलेलं असतं. आणि निसरडेपणा नाही. «पीएच न्यूट्रल» हे दोन शब्द बाटलीवर दिसले की खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उदासीन असणं ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे.

आईचं म्हणणं वेगळंच. वाट्या मांडलेल्या बघून ती म्हणाली, «अगं, रिठ्याने धू की. माझी पैठणी तीस वर्षं त्याच्यावर राहिली.» तिचं बरोबर आहे, रिठ्यातलं सॅपोनिन हे नैसर्गिकच फेसकारी द्रव्य, आणि पट्टीवर ते किंचित आम्ल बाजूला आलं. मी छताच्या मागच्या भागावर ते तीन आठवडे वापरूनही बघितलं. वॅक्सला त्याने धक्का लावलेला दिसला नाही. पण पाणी तपकिरी, चार वेळा गाळलं तरी टरफलाचा बारीक चुरा राहतो, तो रंगावर ओरखडे काढू शकतो, आणि तिसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो. वाळल्यावर चिकट पापुद्राही राहतो. रेशमाला रिठा, गाडीला नाही. शिकेकाईची पूड तर अजिबातच नको, तिच्यात भुसा जास्त.

लहान बाळांचा शाम्पू सौम्य असतो आणि एखाद्या वेळी चालून जातो. मोठ्यांच्या शाम्पूत केस मऊ करणारी द्रव्यं असतात, ती पत्र्यावर थर सोडतात.

रॉकेल आणि डिझेलबद्दल फार बोलायला नको. दोन्ही मेण विरघळवतात. माझ्या दारांच्या खालच्या भागावर मणी का परतले नाहीत, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

मग बाटली कोणती घ्यायची

मी पाच-सहा शाम्पू वापरून बघितले. आता दुकानात बाटली हातात घेतली की मी पुढचं लेबल बघतच नाही, मागचं वाचते.

पहिलं, पातळ करण्याचं प्रमाण दिलं आहे का. «एक झाकण बादलीत टाका» इतकंच लिहिलं असेल तर मी ठेवून देते. प्रमाण एकास पाचशे असेल तर १० लिटर पाण्याला २० मिली. म्हणजे एक लिटरची बाटली पन्नास धुण्यांना पुरते. प्रमाण एकास सव्वाशेच्या आसपास असेल तर १० लिटरला ८० मिली, आणि तेवढीच बाटली बारा-तेरा धुण्यांत संपते. दिवसाआड धुणाऱ्याला किंमत बाटलीची नाही, बादलीची बघावी लागते. दीडपट महाग बाटली पुष्कळदा निम्म्या खर्चात पडते.

दुसरं, «वॉश अँड वॅक्स» लिहिलेलं आहे का. धुता धुता वॅक्सही होईल असं सांगणारे हे शाम्पू वाईट नाहीत. ज्याला हाताने वॅक्स करायला वेळ नाही त्याच्यासाठी ते बरेच आहेत. पण तुम्ही मनापासून कार्नोबा लावलेलं असेल तर हे शाम्पू दर वेळी त्याच्यावर स्वतःचा पातळ थर सोडतात. काहींचा थर पाण्याचे मणी करतो, काहींचा पाणी पसरवतो. दोन आठवड्यांनी तुम्ही जे बघत असता ते वॅक्स नसून शाम्पूचा थर असतो. माझ्या छतावर आणि डिकीवर नेमकं हेच झालं होतं. कपड्यांची पावडर सोडल्यावर मी मोठ्या विश्वासाने जी बाटली घेतली ती याच जातीची होती, आणि तक्रार तशीच राहिली. हे कळायला मला दीड महिना लागला.

तिसरं, डांबर, ग्रीस, किडे काढणारा, «हेवी ड्यूटी», «डीग्रीजर» असे शब्द. ते वर्षातून दोनदा, नवीन वॅक्स लावण्याआधी जुनं काढायला चांगले. रोजच्यासाठी नाहीत. पाण्याचे डाग काढणारे आम्लधर्मी शाम्पूही तसेच, कधीतरी वापरायचे.

वास आणि रंग यांच्याकडे दुर्लक्ष करा. घट्टपणाकडेही. घट्ट शाम्पू म्हणजे जास्त ताकदीचा असं नसतं, तो बऱ्याचदा नुसता मिठाने घट्ट केलेला असतो. निसरडेपणा मात्र हाताला कळतो: पातळ केलेलं पाणी दोन बोटांत घेऊन चोळा. चांगला शाम्पू बोटांना सरकवतो, आणि पाण्याखाली धरलं की लगेच सुटतो. सुटतच नसेल तर तो गाडीवरूनही सुटणार नाही.

आणि मग प्रमाण पाळा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं असं माझं ठाम मत आहे. उत्तम शाम्पूसुद्धा चौपट घातला की खंगाळून जात नाही. आमची बादली १५ लिटरची, तिच्यावर आतून १० लिटरची खूण केली आहे. मापाला खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण. काकांनाही एक दिलं. ते सुरुवातीला म्हणाले, «ताई, एवढ्याशाने काय होणार?» आठवडाभराने दुसऱ्या गाड्यांसाठीही तेच वापरू लागले, कारण खंगाळायला दोन बादल्या पाणी कमी लागतं. वाचलेल्या पाण्यापेक्षा त्यांना पाठीची सुटका मोठी वाटली.

साबण बदलूनही तक्रार राहिली तर

माझी राहिली होती, आणि ती दोन ठिकाणांहून आली.

एक, पाणी. मुंबईत नळाला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसा, मोडक सागर, विहार, तुळशी या तलावांचं, पावसाचं साठलेलं, त्यामुळे ते मऊ असतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ७८ दाखवतो. पण सोसायटीच्या आवारातला नळ, जिथून झाडांना आणि गाड्यांना पाणी जातं, तो बोअरवेलचा. समुद्र इतका जवळ असताना त्याचं पाणी खारट असणारच. तिथे मीटर १४०० च्या पुढे गेला. कितीही सौम्य साबण वापरा, असं पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे गोल डाग उरतात, आणि त्या डागांवर पाणी मणी करत नाही. अनेक सोसायट्यांत गाडी धुवायला बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं आणि लोक वर्षानुवर्षं साबणाला दोष देतात. उपाय सोपा: धुवायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचं खंगाळणं तलावाच्या पाण्याने, घरून आणलेल्या पाच लिटरच्या कॅनने, छतापासून खाली. आणि वाळू न देता लगेच टिपून घ्यायचं. पुसायचं नाही, टिपायचं: मोठा मायक्रोफायबर पसरून वरून हात दाबायचा आणि उचलायचा.

दुसरं ठिकाण माझ्या लक्षातही आलं नसतं. फडकी. गाडीची मायक्रोफायबर फडकी मी घरच्या मशीनमध्ये कपड्यांच्या पावडरीत धुऊन, शेवटी कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालून वाळत घालत होते. म्हणजे मापून घेतलेल्या न्यूट्रल शाम्पूच्या बादलीत मी स्वतःच सोडा आणि मेणचट द्रव्य परत घालत होते. एक धुतलेलं, कोरडं फडकं साध्या पाण्याच्या भांड्यात पिळलं, तर फेस आला. पट्टीवर रंग नऊकडे झुकला. आता फडकी वेगळी, त्याच कार शाम्पूत बादलीत हाताने धुते, तीन पाण्यांतून काढते, मऊ करणारं द्रव्य नाही. दारांची आणि टायरची फडकी वेगळ्या रंगाची, ती बॉनेटवर येत नाहीत.

एवढं झाल्यावर मण्यांचा कालावधी तीन आठवड्यांवरून साधारण नऊ आठवड्यांवर गेला. डबा जुनाच, वॅक्स तेच.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर

माझ्या शब्दावर साबण बदलू नका, अर्ध्या बॉनेटवर बघा. नवीन वॅक्स लावल्यावर बॉनेटच्या मधल्या रेषेने दोन भाग धरा. डावीकडे तुमचा आत्ताचा साबण, उजवीकडे नवा, दोन वेगळ्या बादल्या, दोन फडकी. रेषा दाखवायला रंगावर टेप चिकटवून ठेवू नका, उन्हात तिचा गोंद बसतो. बॉनेटच्या पुढच्या कडेला आतून छोटा कागद लावला की पुरतं. दर रविवारी दोन्हीकडे सारखं पाणी शिंपडून वरून फोटो काढा, एकाच वेळी, एकाच उजेडात. डोळ्यांची आठवण फसवते, फोटो नाही.

मी सहा आठवडे, एकवीस धुणी केली. डावीकडे भांड्यांचं लिक्विड, उजवीकडे साधा न्यूट्रल शाम्पू. तिसऱ्या आठवड्यापर्यंत फरक दिसेना, आणि मी जवळजवळ सोडूनच देणार होते. चौथ्या आठवड्यात डावीकडचे मणी मोठे आणि चपटे दिसू लागले. सहाव्यात डावीकडे पाणी पसरत होतं, उजवीकडे टपोरे मणी. मग डाव्या बाजूवर वरची दोन लिटर पाण्याची तपासणी केली, तेव्हा मणी थोडे परतले, पूर्ण नाही. म्हणजे भांड्यांच्या लिक्विडचा दोष निम्मा न खंगाळण्याचा होता आणि निम्मा खऱ्या झिजेचा.

साबण बदलून जे सुटणार नाही

रुळांजवळ गाडी उभी असेल तर हात फिरवल्यावर बारीक खडबड लागते, फिकट रंगाच्या गाडीवर नारिंगी ठिपकेही दिसतात. ते लोकलच्या ब्रेकमधून आणि चाकांमधून उडालेले लोखंडाचे कण, रंगात रुतून गंजतात. शाम्पू त्यांना हलवत नाही. बोटाला पातळ प्लास्टिकची पिशवी लावून धुतलेल्या पत्र्यावर फिरवली की ते नीट जाणवतात. त्यासाठी लोखंड काढणारं वेगळं द्रव्य मिळतं, ते कणांना लागलं की जांभळं होतं, आणि त्यानंतर क्ले, म्हणजे ओल्या पत्र्यावरून फिरवून रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी. क्लेने वॅक्सही निघतं, तेव्हा हे काम वॅक्स लावायच्या दिवशीच करा.

कबुतरांची आणि कावळ्यांची विष्ठा धुण्याची वाट बघत ठेवायची नाही. तिच्यातलं युरिक आम्ल उन्हात वॅक्स भेदून रंगापर्यंत जातं. ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं ठेवायचं, मग उचलायचं, घासायचं नाही. मी डिकीत त्यासाठी पाण्याची बाटली आणि दोन फडकी ठेवते.

आणि रोज सकाळी गाडी कोरड्या फडक्याने पुसून घेण्याची मुंबईतली सवय. ही मी पूर्ण थांबवली. सिमेंटची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती कोरडी घासली की वॅक्स आणि रंग दोन्हींवर गोल गोल ओरखडे उठतात. काकांना सांगितलं की माझ्या गाडीला रोज हात लावू नका, दिवसाआड धुतलीत तरी महिन्याचे पैसे तेवढेच देईन. त्यांना आधी वाटलं मी नाराज आहे. समजावून सांगितल्यावर पटलं.

पाणीकपात आणि पावसाळा

तलाव तळाला जातात तेव्हा, मे-जूनमध्ये, पाणीकपात असते. त्या दिवसांत पाइप लावून गाडी धुणं मला बरोबर वाटत नाही, आणि गरजही नाही. खंगाळावं न लागणारी द्रव्यं मिळतात, रिन्सलेस म्हणतात ती. त्यांतलं जुनं आणि नावाजलेलं म्हणजे ऑप्टिमम नो रिन्स. प्रमाण एकास २५६, म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली, आणि पाच-सहा लिटरमध्ये गाडी होते. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणांभोवती गुंडाळले जातात, कण फडक्यासोबत निघतो, आणि वॅक्स तसंच राहतं. सात-आठ फडकी जवळ ठेवायची, एक बाजू एकदाच वापरायची, बादलीत परत बुडवायची नाही. एकच अट: अंगावर चिखलाचा थर असेल तर आधी साध्या पाण्याने तो पाडल्याशिवाय हे वापरू नका.

जूनच्या मध्यापासून मात्र मी कार्नोबाचा नाद सोडते. चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, रस्त्यावर चिखल आणि तेल, धुणं रोजचंच. मे संपता संपता जुनं वॅक्स मुद्दाम जोरकस शाम्पूने काढून सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम संरक्षक थर, लावते, ते कार्नोबापेक्षा जास्त दिवस टिकतं. साबण तोच न्यूट्रल, माप तेच. पावसाने गाडी आपोआप धुतली जाते असं समजून आठवडाभर तशीच ठेवू नका, उघडीप पडली की चिखल वाळतो आणि मग तो घासूनच काढावा लागतो. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी क्ले आणि पुन्हा कार्नोबा, म्हणजे पूजेच्या दिवशी झेंडूची माळ घालायला बॉनेट तयार असतं. माळ त्याच संध्याकाळी काढा, ओल्या झेंडूचा पिवळा डाग वॅक्सवरही बसतो.